कूलरच्या मागे

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणून दारू मिळत नाही असं नाही, पण पिणारा लपून पितो आणि न पिणारा उजळ माथ्यानं फिरतो. मी न पिणाऱ्यांतला. जन्मात थेंब घेतला नाही, हे मी इतक्यांदा आणि इतक्या लोकांना ऐकवलं आहे की बायकोनं एकदा पाहुण्यांसमोर मला हात जोडले होते. शाळेची व्यसनमुक्तीची प्रभातफेरी निघाली की घोषणा द्यायला पुढे मी, आणि फेरी संपली की टपरीच्या आडोशाला जाऊन सिगारेट पेटवायलाही मीच. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं मला कधी वाटलं नाही. आमच्याकडे व्यसन म्हणजे दारू. सिगारेट ही सवय झाली.

मी देवळीला एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि बोरगाव मेघेत राहतो. घरची शेती भावाकडे आहे, वांगी, मेथी, सांबार असला भाजीपाला. सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. घर लहानसं. समोरची बैठक, आमची खोली, मुलीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे भांडी घासायच्या ओट्याएवढं अंगण. मुलीच्या खोलीची खिडकी त्या अंगणात उघडते. होळी झाली की कूलर धुवून, त्यात नवं गवत भरून तो त्या खिडकीत बसवायचा, आणि पाऊस येईपर्यंत तो रात्रभर घरघरत राहायचा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय माणूस झोपूच शकत नाही.

आमच्या खोलीत वेगळा कूलर असूनही मी झोपू शकत नव्हतो. जेवण झालं की एक सिगारेट, बातम्या संपल्या की झोपेसाठी म्हणून दुसरी. ही झोपेची सिगारेट मी औषधातच धरली होती. ती ओढल्याशिवाय डोळा लागत नाही, असं मी डॉक्टरलाही ठासून सांगायचो. मग मध्यरात्र उलटली की जाग यायची. घसा कोरडा, पाय अस्वस्थ, डोक्यात उगाच शाळेतली भांडणं. कूस बदलायची, पाणी प्यायचं आणि शेवटी मागच्या दाराची कडी काढून अंगणात यायचं. एक ओढली की जिवाला बरं वाटायचं. पहाटे पुन्हा तेच.

सकाळी उठायचो तो थकलेलाच. वर्गात मुलांना उदाहरण सोडवायला देऊन खुर्चीत टेकलो की डोळे मिटायचे, आणि पुढच्या बाकावरची पोरं मागच्यांना दटावायची, "चूप रे, सर विचार करून राह्यले." झोप होत नाही याचं खापर मी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर फोडलं, मंगल कार्यालयातल्या डीजेवर फोडलं, बायकोच्या घोरण्यावर फोडलं. ती घोरत नाही. पण मी एकदा असा काही भडकलो की त्यानंतर तिनं ते नाकारणंही सोडून दिलं. माझा राग आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याला वळसा घालून चालतात. त्याला मी घरातली शिस्त समजत होतो.

उन्हाळ्यात अंगणातली माझी जागा ठरलेली होती, कूलरच्या मागे, गवताला लागून. तिथे गार वाटायचं. शिवाय कूलरच्या घरघरीत लायटरचा आवाज आणि माझं खोकणं बुडून जायचं, म्हणजे कोणाची झोपमोड नको, असा माझा समंजस विचार. कधीकधी मी उभा असतानाच कूलर थांबायचा आणि मुलीच्या खोलीतला दिवा लागायचा. मला अभिमान वाटायचा. पोरगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. एवढ्या रात्री उठून, घरघर बंद करून पुस्तक उघडते म्हणजे कष्टांचं चीज करणार, असं म्हणत मी शेवटचा झुरका घ्यायचो आणि समाधानानं आत यायचो.

त्या मे महिन्यात मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. जमवून आणणारे गृहस्थ देवळीच्या बाजारातले भाजीचे अडते. भावाचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातो, त्यामुळे दोन्ही घरं त्यांच्या माहितीतली. मुलगा वर्ध्यात नोकरीला, घर हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावात, शेती भाजीपाल्याचीच. नकार देण्यासारखं काही नव्हतं. आदल्या रात्री मला काळजीनं झोप आली नाही आणि झोप आली नाही म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त ओढल्या. सकाळी बायको म्हणाली, "आज तरी तोंडाचा वास नका येऊ देऊ. पाहुण्याइले काय वाटंन?"

तेव्हा मी दोनदा आंघोळ केली. मानेला पावडर लावली, मनगटाला अत्तर लावलं. दात घासले, वर लवंग चघळली, लवंगेवर वेलदोडे. डोळे लाल होते, त्याला इलाज नव्हता. सकाळपासून एकही ओढली नव्हती, त्यामुळे डोकं जड झालं होतं आणि हात किंचित थरथरत होते. आज ही यादी लिहिताना मला हसू येतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात भर दुपारी अत्तर लावून, वेलदोडे चघळत, लाल डोळ्यांनी आणि थरथरत्या हातांनी पाहुण्यांचं स्वागत करणारा माणूस काय करून आला असेल, हे लहान पोरगंही सांगेल. मला तेवढं सुचलं नाही.

मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याचे मामा असे चौघे आले. मामांनी म्हणे आपल्या गावातली हातभट्टी बायकांना सोबत घेऊन उठवली होती. पोहे झाले. मामांनी मुलीबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्या पोरीले झोपच कमी. रात्र-रात्र अभ्यास करते." मुलगी खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली. मग रीतीप्रमाणे दोघांना बोलायला तिच्या खोलीत पाठवलं, आणि बैठकीत आम्ही मोठी माणसं उरलो. चहा आला. मामा सोयाबीनवरच्या किडीबद्दल सांगू लागले. पंखा गरम हवा फेकत होता. मामांचा आवाज हळूहळू लांब जात गेला.

माझ्या हातातली बशी कधी कलली ते मला कळलं नाही. सगळा चहा मामांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर सांडला. ते "अरे अरे" करत उठले, आणि मी दचकून, वर्गात ओरडतो तसा खणखणीत आवाजात ओरडलो, "कोण बोलून राह्यलं रे?"

कोणीच बोलून राहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मामा माझ्या तोंडाजवळ वाकून "काही हरकत नाई" म्हणाले, आणि ते वाकणं जरा जास्तच वेळ चाललं असं मला तेव्हाही वाटलं होतं.

संध्याकाळी अडत्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "सर, एक विचारू काय? राग नका मानू. पाहुणे विचारून राह्यले, मास्तर घेते काय म्हणून."

मी राग मानला. इतका मानला की शेजारी गच्चीवर आले. जन्मात थेंब घेतला नाही, अख्ख्या बोरगावात कोणालाही विचारा, वगैरे सगळं मी फोनमध्ये ओरडलो. अडत्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग डोळा काऊन लागला जी?" इथे खरं सांगायची वेळ होती. रात्री उठून सिगारेटी ओढतो, झोप होत नाही, एवढीच दोन वाक्यं. पण मामा, हातभट्टी उठवणारे मामा डोळ्यांपुढे आले, आणि प्रभातफेरीतला मीही आलो. मी म्हणालो, "शुगरची गोळी चालू आहे. तिच्यानं गुंगी येते."

मला शुगर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. शुगर कधीपासून आहे, माझ्या वडिलांना होती का, पोरीची तपासली का. फोन स्पीकरवर होता आणि बायको समोर तांदूळ निवडत बसली होती. मी फोन ठेवला तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं.

"पोरीच्या अंगावर बिमारी चिकटवली तुम्ही," ती म्हणाली. "सिगारेट म्हणायले जीभ नाई वळली?"

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "तिले पोरगा आवडला. मले सांगितलं तिनं."

मुलगी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. "राहू द्या बाबा," ती घडीवरून नजर न उचलता म्हणाली. "नाई तं नाई." त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी खरीखुरी लाज वाटली. सिगारेटीची नव्हे. या घरात एका माणसाला काहीतरी हवं होतं आणि ते माझ्या एका लटक्या गोळीपायी निसटत होतं, आणि तरी ती माझीच समजूत काढत होती.

दोन दिवसांनी उन्हं उतरल्यावर मी आणि बायको मोटरसायकलवर मुलाच्या गावी गेलो. न कळवता गेलो, कारण कळवलं असतं तर मी वाटेतून परत फिरलो असतो. त्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली सांबाराचा ढीग पडला होता, आणि मुलाचे आईवडील दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधत बसले होते. मुलगा नोकरीवर होता, मामा त्यांच्या गावी. आम्हाला पाहून दोघं गडबडले, पाणी दिलं, पण काम थांबवलं नाही. सांबार उन्हाळ्यात वाट पाहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मग मीही खाली बसलो आणि जुड्या बांधायला लागलो. हातांना लहानपणापासूनची सवय आहे. मान खाली घालून बोलायला मला तेवढा आडोसा पुरला.

"मले शुगर नाई," मी म्हणालो. "मी सिगारेट ओढतो. रात्री उठून उठून ओढतो. झोप होत नाई, म्हणून त्या दिवशी डोळा लागला. दारू नाई पीत. शुगरचं खोटं सांगितलं."

मुलाच्या वडिलांनी आपल्या बायकोकडे पाहिलं. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, ढिगावर टाकली आणि विचारलं, "म्हणजे कूलरमंदी बाटली नाई?"

"कायचा कूलर?"

ती संकोचली. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी खोलीत तिच्या मुलानं आमच्या मुलीला म्हटलं होतं, तुम्हाले काही विचाराचं असंन तं विचारा. नोकरीचं, पगाराचं, वेगळं राहायचं, पोरी हल्ली काय काय विचारतात. आमच्या मुलीनं एकच विचारलं. तुमच्या घरी रात्री कूलरच्या मागं कोणी उभं राह्यते काय?

मुलाला काही समजलं नाही. त्यानं "नाई" म्हटलं, आणि घरी येऊन सांगितलं. घरात आधी हसाहस झाली, भूतबीत आहे की काय म्हणून. पण मामांना लगेच उमगलं. बाटली गार राहावी आणि घरच्यांना दिसू नये म्हणून ती कूलरच्या पाण्यात सोडायची, ही युक्ती त्यांनी आपल्या गावात स्वतः पकडलेली होती. मास्तर रात्री कूलरमागे जातात, पोरगी त्याला कंटाळलेली आहे, आणि दुपारी मास्तर चहा सांडतात. सगळं बरोबर जुळत होतं.

"म्हणजे सिगारेटच, नाई?" मुलाची आई म्हणाली आणि तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मुलाचे वडील हसले. मलाही हसायला हवं होतं. मी हातातली जुडी सोडून पुन्हा बांधायला लागलो.

मी विज्ञान शिकवतो. कूलर कसा चालतो हे दर उन्हाळ्यात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. पंखा बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ओढतो, पाण्याची वाफ होते, हवा गार होऊन खोलीत येते. बाहेरची हवा आत. या तीन शब्दांखाली मी खडूनं रेघ मारतो आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न काढतो. वर्षानुवर्षं रात्री त्याच गवताला तोंड लावून मी धूर सोडत होतो, आणि तो धूर कुठे जातो हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

परतीच्या वाटेवर देवळी फाट्याच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली. "तुले माहीत होतं?"

"मले वाटलं तुम्हाले माहीत आहे," बायको म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "धूर आला का ती कूलर बंद करून टाके. मंग उकाड्यात झोप कुठची? दिवा लावून बसे बिचारी, वास जाईपर्यंत."

"सांगितलं काऊन नाई मले?"

हा प्रश्नही मी जवळजवळ ओरडूनच विचारला होता. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला वळून पाहून गेला. "सांगितलं असतं तं असेच भडकले असते," ती म्हणाली आणि पदर सारखा करून पुन्हा मागे बसली.

घरी आलो तेव्हा मुलगी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. देवघरातून मी एक उदबत्ती घेतली आणि पेटवून कूलरच्या मागे गेलो. कूलर चालू होता. उदबत्ती गवताजवळ नेली. धुराची वर जाणारी रेघ वाकली आणि सरळ गवतात शिरली. मी हात दूर नेला, रेघ पुन्हा वाकली. माझ्या उभं राहायच्या जागेवर उभा राहिलो, तोंडाच्या उंचीवर उदबत्ती धरली. तिथूनही धूर आतच जात होता. मग मी तिच्या खोलीत जाऊन पाहिलं. सगळी खोली उदबत्तीच्या वासानं भरली होती. तिची उशी, ओढणी, पुस्तकं सगळी वाऱ्याच्या झोतात होती.

मुलगी कपड्यांचा ढीग घेऊन दारात आली. माझ्या हातात अर्धी जळलेली उदबत्ती. तिला सगळं समजलं असावं, कारण ती क्षणभर थांबली. तेव्हा मी माफी मागायला हवी होती. मला शब्द येत होते, मी शिक्षक आहे, शब्दांची मला कमी नाही.

"अभ्यास कर," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

मागून ती म्हणाली, "बाबा, याचा वास चांगला येते." ती चिडून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

लग्न जमलं. मामांनी फोन करून स्वतः सांगितलं आणि वर दोन शब्द सुनावलेही. दारू काय अन् सिगारेट काय मास्तर, घरातल्यांची झोप दोन्हींनी जाते, असं ते म्हणाले आणि मी पहिल्यांदाच कोणाचं असलं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. डॉक्टरकडेही गेलो. झोपेची सिगारेट म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, तुमची झोप आधी तलफच मोडते, मग तुम्ही ती भागवता, मग थोडा वेळ डोळा लागतो आणि तुम्ही त्याचं श्रेय सिगारेटला देता. सिगारेटनं माणूस ताजा होतो, झोपेच्या वेळी ताजं होऊन काय करायचं? इतकं साधं होतं ते. मुलांनी वर्गात असलं उलटं उत्तर लिहिलं असतं तर मी पट्टी काढली असती.

सुटली असं लिहायची माझी हिंमत नाही. कमी झाली आहे. रात्री अजून जाग येते, पण अंगणात जात नाही. पडून राहतो, छताकडे पाहतो. अगदीच असह्य झालं तर समोरच्या फाटकाबाहेर रस्त्यावर जातो आणि तिथे कुत्री माझ्यावर भुंकतात. ती आता चांगलीच ओळखीची झाली आहेत, तरी भुंकतात. बायको म्हणते, भुंकू द्या.

हिवाळ्यात मुलगी सासरी गेली. जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही. तेव्हाही मी माफी मागितली नाही. एवढ्या लोकांत कसं बोलायचं, असं मी स्वतःला समजावलं. एकांत मिळाला होता तेव्हा कोणती सबब होती, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. होळी झाल्यावर मी एकट्यानं कूलर काढला, धुतला, नवं गवत भरलं आणि तिच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीत बसवला. चालू करून पाहिला आणि बंद केला.

एप्रिलमध्ये एकदा विहीणबाईंचा फोन आला. बायको भाजी आणायला गेली होती, म्हणून मीच उचलला. इकडची तिकडची खुशाली झाली. मुलगी कशी आहे, मी विचारलं.

त्या मनापासून हसल्या. "तुमची पोरगी तं लई झोपते बापा! कूलर लावला का पडल्या पडल्या लागते तिले. सकाळी हलवून उठवा लागते. अन् तुम्ही तं त्या दिवशी म्हणत होते, आमच्या पोरीले झोपच कमी!"

त्यांना गंमत वाटत होती. माझ्या उत्तराची वाट पाहत त्या थांबल्या, आणि फोनमधून त्यांच्याकडच्या कूलरची घरघर मला स्पष्ट ऐकू आली. दुपारची वेळ होती. तेव्हाही ती झोपलेली असावी.

"झोपू द्या तिले," मी म्हणालो.